फॅक्टरी कस्टम गिटार का हातानं बनवलेली? लातूर-नांदेडकडच्या हवेत राहणाऱ्यांनी कसं ठरवायचं

मागच्या महिन्यात माझ्याकडं गिटार शिकून गेलेल्या एका पोराचा फोन आला. आता पुण्यात नोकरीला लागलाय पण घर इथंच लातूरला, म्हणाला मॅडम दोन वर्षं पैसे साठवलेत, एकच अकॉस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणारी गिटार घ्यायची पण आयुष्यभर पुरेल अशी, तर मोठ्या कंपनीला कस्टम ऑर्डर देऊ का एखाद्या छोट्या कारागिराकडून बनवून घेऊ? मला वाटलं दहा मिनिटात सांगून होईल, सव्वा तास झाला तरी बोलणं संपेना. मग म्हणलं आता लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न विचारणारा तो काही पहिला नाही, आणि पोरं जी माहिती वाचून येतात ती बहुतेक थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली असते, तिकडं मे महिन्यात डोक्यावरचा पत्रा तापत नाही. आपल्याकडं तापतो आणि त्यानं सगळा हिशोबच बदलतो.

दोन्हीत नेमका फरक काय

फॅक्टरी कस्टम म्हणलं की वाटतं कंपनी आपल्यासाठी कोरा कागद घेऊन बसणार, तसं नसतं. मार्टिन ही १८३३ सालची कंपनी, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात तिचा कारखाना आहे, टेलर ही १९७४ सालची, कॅलिफोर्नियातली. अशा कंपन्यांची कस्टम ऑर्डर म्हणजे एक लांबलचक यादी असते, त्यातून तुम्ही बॉडीचा आकार, टॉपचं म्हणजे पुढच्या फळीचं लाकूड, मागच्या आणि बाजूच्या फळ्यांचं लाकूड, नेकची म्हणजे तारांखालच्या दांड्याची रुंदी, पॉलिश, नक्षी असं निवडत जाता आणि मग ती गिटार त्यांच्या ठरलेल्या साच्यात, ठरलेल्या मशीनवर, जवळपास ठरलेल्या जाडीत बनते. काम अतिशय सफाईदार असतं यात वाद नाही. कारखान्यात हवेतला ओलावा वर्षभर ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास धरून ठेवलेला असतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. थोडक्यात निवड तुमची पण गिटारीचा मूळ स्वभाव कंपनीचाच राहतो, आणि तो स्वभाव तुम्हाला आधीपासून आवडत असेल तर ही फार चांगली गोष्ट आहे.

छोट्या वर्कशॉपमध्ये काम फळीपासून सुरू होतं. टॉपसाठी बहुतेक स्प्रूस नाहीतर सीडर वापरतात, आणि एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या कडक नसतात. चांगला कारागीर फळी दोन्ही हातात धरून हलकेच वाकवतो, रंधा मारतो, परत वाकवतो, बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावतो, आणि साधारण अडीच ते तीन मिलिमीटरच्या मधे कुठंतरी थांबतो. एक फळी २.६ ला सोडून देईल तर दुसरी २.९ लाच ठेवील, कारण ती मऊ आहे. तसंच आतल्या काड्यांचं, म्हणजे ब्रेसिंगचं. स्टीलच्या तारांच्या गिटारीत त्या बहुतेक एक्सच्या आकारात असतात, त्या तो पटाशीनं थोड्या थोड्या तासत आणतो आणि मधेमधे टॉपवर टिचकी मारून आवाज कुठं गेला ते बघतो. कारखान्यात प्रत्येक फळीला एवढा वेळ देणं परवडत नाही, म्हणून तिथं जाडी सगळ्यांना चालेल अशी, म्हणजे जरा सुरक्षित बाजूला ठेवलेली असते.

माझे सासरे, अप्पा, भजन म्हणतात. त्यांनी ऐन उमेदीत मिरजेहून तानपुरा बनवून आणला होता, तीच मिरज जिथून २०१६ च्या एप्रिलात आमच्या लातूरला पाण्याची रेल्वे आली. अप्पा सांगतात, दुकानात गेल्यावर कारागिरानं भोपळा दाखवायच्या आधी विचारलं, कुठल्या पट्टीत गाता? अप्पा म्हणाले काळी एक. तर तो म्हणाला, सा लावा बरं. अप्पांनी तिथंच मांडी घालून सा लावला, तो हातातलं काम खाली ठेवून ऐकत राहिला आणि मगच भोपळा बघायला उठला. हातानं बनवून घेणं म्हणजे काय ते मला ह्या गोष्टीतून कळलं. गिटारीचा कारागीर जर तुमचं वाजवणं न ऐकता थेट लाकडाचे भाव सांगायला लागला तर तुम्हाला फक्त लहान फॅक्टरी मिळतेय, कारागीर नाही.

आणि एक सावधगिरी. छोटं वर्कशॉप असं लिहिलेलं प्रत्येक ठिकाण बनवणारं नसतं. काही जण बाहेरून तयार बॉडी आणि नेक मागवतात, जोडतात, पॉलिश मारतात आणि आपलं नाव चिकटवतात. तसं करण्यात पाप नाही, पण मग हातानं बनवल्याचे पैसे कशाला द्यायचे? अर्धवट झालेलं काम दाखवा म्हणायचं, साच्यात दाबून ठेवलेल्या बाजूच्या फळ्या, ब्रेसिंग चिकटवलेला उघडा टॉप. दाखवायला काहीच नसेल तर ओळखून घ्या.

आधी आपली तक्रार कागदावर लिहा

हे काम पैसे मोजायच्या आधीचं, आणि ह्याच पायरीवर अर्धा निर्णय होतो. सध्याची गिटार घ्या आणि महिनाभर वाजवताना जे जे खटकतं ते लिहीत जा. आवाज चांगला पाहिजे असं लिहिण्यात अर्थ नाही. बोटांनी छेडताना चौथ्या आणि पाचव्या तारेवर बोटं अडकतात, गाताना माझा आवाज गिटारीखाली दबतो, अर्ध्या तासानं खांदा भरून येतो, वरच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, सूर चढा लागतो, असं लिहा.

मग स्टीलची पट्टी घ्या आणि मोजा. नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिथं, नेक किती रुंद आहे ते बघा, स्टीलच्या तारांच्या गिटारीत साधारण ४३ मिलिमीटर नाहीतर ४४.५ मिलिमीटर असते, दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही पण बोटांनी वाजवणाऱ्याला तो फरक पहिल्या मिनिटाला कळतो. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, ती तुमची स्केल लांबी, ६४५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर लांब, ६२८-६३० असेल तर आखूड, आखूडवर तारांचा ताण कमी म्हणून बारीक हाताच्या पोरींना ती सोपी जाते. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटच्या किती वर आहे तेही बघा, अडीच मिलिमीटरच्या पुढं असेल तर तुमची तक्रार गिटारीची नसून सेटिंगची असू शकते आणि ती थोडक्या पैशात सुटते. माझ्याकडं गिटार बदलायची म्हणून आलेल्या कितीतरी जणांना मी आधी सॅडल (तारा बॉडीवर जिथं अडकवतात त्या ब्रिजमधली, तारा टेकायची पट्टी) घासून दिलाय आणि त्यांनी गिटार बदललीच नाही.

बसता कसे तेही लिहा. आपल्याकडं भजनात, घरगुती बैठकीत सतरंजीवर मांडी घालून वाजवायची वेळ येते, आणि मोठ्या ड्रेडनॉट बॉडीचा खालचा भाग मांडीला टेकून गिटार वर ढकलली जाते, उजवा खांदा उचलला जातो. मी चौदा वर्षं तशी वाजवली, आता ओएम आकाराची लहान बॉडी वाजवते, खांदा दुखायचा थांबला. कुठल्याच कंपनीच्या यादीत सतरंजी नसते, ती तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते.

कागदावरच्या तक्रारी यादीतून सुटणाऱ्या असतील, म्हणजे नेक रुंद हवी, बॉडी लहान हवी, तर फॅक्टरी कस्टम पुरे, कित्येकदा कस्टमसुद्धा लागत नाही, तयार मॉडेलच सापडतं. पण तक्रार अशी असेल की माझ्या गळ्याला साथ देताना मधले सूर पोकळ वाटतात, किंवा माझं डाव्या हाताचं एक बोट वाकत नाही म्हणून नेकचा आकार वेगळा पाहिजे, तर ते ऐकून घेणारा माणूसच लागतो.

आपली हवा: इथं घाई करू नका

लाकूड ओलाव्यानं फुगतं आणि कोरड्यानं आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. रेषांच्या आडवं ते खूप हलतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. टॉपच्या रेषा उभ्या आणि आतल्या काड्या आडव्या-तिरप्या, म्हणजे टॉप आकसायला बघतो आणि काड्या त्याला धरून ठेवतात. ओढाताण हद्दीबाहेर गेली की फळी रेषेवर उकलते.

माझी पहिली हातानं बनवलेली गिटार समुद्रकाठच्या एका शहरातून आणली होती, फेब्रुवारीत. आवाज असा की शिकवणी संपली तरी पोरं उठत नव्हती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी हातात घेतली, नेकच्या कडेवरून अंगठा फिरवला तर फ्रेटची टोकं टोचायला लागलेली, काट्याच्या फांदीवरून हात फिरवावा तशी. लाकूड आकसलं होतं आणि धातू जिथल्या तिथं. मला तेव्हा ती सूचना वाचता आली नाही. चार दिवसांनी दुपारी आतल्या खोलीतून कट् असा आवाज आला, वाटलं दारच वाजलं. ब्रिजच्या खालून थेट बॉडीच्या टोकापर्यंत केसाएवढी रेघ, नख फिरवलं की नखाला लागायची. कारागिरानं चीर आतून लाकडाच्या टिकल्या लावून बुजवून दिली, पैसे घेतले नाहीत, पण जाणं-येणं, दीड महिन्याची खोटी आणि मनाला लागलं ते वेगळंच. बोलताना कळलं की त्याच्या वर्कशॉपमध्ये ओलावा आवरायची काही सोयच नव्हती. समुद्राच्या दमट हवेत फुगलेली फळी तशीच चिकटवलेली, ती आमच्याकडं येऊन वाळली की फाटणारच होती.

म्हणून छोट्या कारागिराला सगळ्यात पहिला प्रश्न हा विचारा: बॉडी चिकटवता तेव्हा खोलीत ओलावा किती असतो, आणि मीटर कुठाय? मीटर भिंतीवर असेल, खोली बंद असेल, ती मशीन लावून ४५ च्या आसपास ठेवलेली असेल तर पुढं बोला. ते मीटर काय असतं असं उलट विचारलं तर कितीही गोड वाजत असली तरी ती गिटार मराठवाड्यासाठी नाही.

फॅक्टरीची गिटार घेणाऱ्यांनीही निवांत बसू नये. बॉडी तिथं नीट कोरड्या हवेत बनते खरी, पण तीही ४५-५० साठीच बनते, आपल्या मेसाठी नाही. माझ्या ओळखीतल्या एकाची महागडी कंपनीची गिटार दुसऱ्या उन्हाळ्यात चिरली आणि वॉरंटीत बसली नाही, कारण कोरड्या हवेनं झालेली चीर वॉरंटीत धरत नाहीत, हे बहुतेक कंपन्यांच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

तेव्हा गिटारीच्या आधी मीटर घ्या, साधा डिजिटल हायग्रोमीटर, शे-पाचशेत येतो. तो खरा बोलतो का ते घरीच तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्यानं ओलसर लगदा करा, झाकण आणि मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५ च्या जवळ दाखवायला पाहिजे. ७० दाखवलं तर तुमचा मीटर ५ नं कमी बोलतो एवढं लक्षात ठेवायचं. मग जिथं गिटार ठेवणार त्या खोलीत दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहा. माझ्या वहीत मेमधल्या दुपारी १८ पण आहे आणि ऑगस्टमध्ये ८२ पण, एकाच खोलीत.

कूलरचं वेगळं सांगायला पाहिजे कारण ते कुठल्याच परदेशी लेखात नसतं. कूलर हवेत पाणी सोडतो, माझ्या खोलीत कूलर चालू केला की तासाभरात १८ चे ६० होतात, लाईट गेली की परत खाली, असा दिवसातून चारदा झोका. लाकडाला सतत कोरडं राहण्यापेक्षा हा झोका जास्त त्रास देतो. कूलरच्या झोतात गिटार उघडी कधीच ठेवू नका. एसी तर हवा आणखी कोरडी करतो. मी गिटार कडक केसमध्ये ठेवते, वाजवली की लगेच आत, कापडी बॅग ह्या कामाची नाही. केसमध्ये उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवते, थेंब गळता कामा नये, आणि दर दोन दिवसांनी बघते. ओलावा देणारी आणि घेणारी तयार पाकिटं मिळतात ती उत्तम, फक्त आपल्याकडं मेमध्ये ती पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी वाळून कडक होतात, दोन जोड जास्त आणून ठेवा. पावसाळ्यात स्पंज काढून टाका आणि सिलिका जेल ठेवा. गावाकडं ज्यांचं जुनं माळवदाचं घर अजून उभं आहे त्यांनी त्याच खोलीत केस ठेवावी, मातीच्या जाड भिंतीत दिवस-रात्रीचा फरक फार कमी होतो, आमच्याकडं वहीत तसं स्पष्ट दिसतं.

आणि ऑर्डर कुठंही द्या, हाडाचे दोन सॅडल मागून घ्या, एक जरा उंच, एक जरा बुटका. उन्हाळ्यात टॉप खाली बसतो, तारा फ्रेटला लागून खणखणतात, तेव्हा उंच सॅडल लावायचा, पावसाळ्यात टॉप फुगून तारा वर जातात तेव्हा बुटका. चांगल्या कारागिराला ही गोष्ट सांगितली की तो हसून हो म्हणतो. फॅक्टरीच्या यादीत हे नसतं, पण हातात आल्यावर एखादा चांगला रिपेअरवाला घडवून देतो.

बिघडली तर नेणार कुठं

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी तारा बदलून मिळतात, कुठं कुठं सेटिंगही करतात, पण फ्रेट बदलणं, नेक काढून परत बसवणं ह्यासाठी पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद. लातूरवाल्याला रात्रीच्या मुंबई रेल्वेनं पुणं सोयीचं, नांदेडवाल्याला देवगिरीनं सिकंदराबाद जवळ. म्हणून ऑर्डर देताना कारागीर कुठल्या गावचा हे नुसतं पत्त्यापुरतं बघू नका, एका रात्रीत पोचता येतं का ते बघा. दोनदा जायचंच आहे, एकदा बोलायला आणि एकदा आणायला, आणि पहिल्या वर्षानंतर तिसऱ्यांदा.

नेक बॉडीला कशी जोडलीय हेही विचारा. जुन्या पद्धतीच्या सांध्याला डव्हटेल म्हणतात, तो सरसानं किंवा दुसऱ्या गोंदानं चिकटवतात, उघडायचा तर वाफ द्यावी लागते आणि तो जाणकाराचाच उद्योग. बोल्टनं जोडलेली नेक असेल तर काम बरंच सोपं. दहा-पंधरा वर्षांत तारांच्या ओढीनं नेकचा कोन बदलतोच, तेव्हा दूर राहणाऱ्या माणसाला बोल्टवाली परवडते असं माझं स्पष्ट मत आहे, आवाजाचा फरक असेल तर तो मला तरी कानानं ओळखता आलेला नाही.

आणि कळकळीची विनंती, ब्रिज सुटला म्हणून गल्लीतल्या सुतारमामांकडं नेऊ नका. ते दरवाजे-खिडक्या उत्तम करतात, पण ब्रिजखाली भसाभस पांढरा गोंद ओतला आणि खिळा मारला की पुढच्या कारागिराचं काम तिप्पट होतं. मी असा खिळा मारलेला ब्रिज बघितलाय, डोळ्यात पाणी आलं होतं.

वर्कशॉपला जाल तेव्हा

फोटोवर ऑर्डर देऊ नका. जा, आणि सोबत आपली रोजची गिटार न्या. त्याला दहा मिनिटं वाजवून दाखवा, अप्पांनी सा लावला तसं, तो काय विचारतो ते बघा.

नवीकोरी गिटार वाजवून बघण्यापेक्षा त्यानं तीन-चार वर्षांपूर्वी बनवलेली एखादी मागा, कुणा गिऱ्हाइकाची असेल तर त्याची ओळख करून घ्या. नवीन सगळ्याच छान दिसतात, ब्रिजच्या मागं टॉप किती फुगला, नेक सरळ राहिली का, फ्रेटची टोकं बाहेर आली का, हे चार उन्हाळे काढलेली गिटारच सांगते. खिशात छोटा आरसा आणि मोबाईलचा टॉर्च असू द्या, साऊंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत आरसा धरला की काड्यांच्या कडेला गोंदाचे ओघळ, फटी, अर्धवट घासलेल्या कडा सगळं दिसतं. थोडा गोंद दिसला तर घाबरू नका, फट दिसली तर घाबरा. मग ट्यूनर लावून प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून येणारा सूर) आणि तिथंच दाबून येणारा सूर जुळतो का बघा, आणि प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा. वीस मिनिटं लागतात. जो कारागीर ह्या वीस मिनिटांत चुळबुळ करतो तो पुढं तक्रार ऐकताना काय करील?

लाकडाबद्दल विचारा की किती वर्षं वाळवलेलं आहे आणि कुठनं आणलं. मागच्या-बाजूच्या फळ्यांना आपलं शिसव काय कमी नाही. मार्टिनच्या प्रसिद्ध डी-२८ ला पूर्वी ब्राझीलचं रोजवूड असायचं, १९६९ नंतर तिला भारतीय शिसव लागायला लागलं आणि आजही जगभरच्या चांगल्या गिटारींना तेच असतं. ब्राझीलचं रोजवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळजवळ बंद आहे, त्यामुळं कुणी ते स्वस्तात देतो म्हणला तर उठून या. शिसवाच्या पूर्ण जातीवर २०१७ मध्ये कागदपत्रांची सक्ती आली होती, तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी त्यातून सूट मिळाली, तरी परदेशातून मागवताना बिलावर लाकडाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. टॉपला सागवान लावून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा, ते जड पडतं.

पॉलिशचं आपल्याकडं महत्त्व जास्त. चपडी लाखेचं फ्रेंच पॉलिश पातळ असतं, आवाजाला मोकळीक देतं, दिसायलाही देखणं, पण घाम आणि उष्णता त्याला सोसत नाही, मेमध्ये हात ठेवायची जागा चिकट होते आणि पुढं उडते. तुम्ही घरात पंख्याखाली सावकाश वाजवणारे असाल तर घ्या, मांडवात कार्यक्रम करणारे असाल तर पातळ पॉलियुरेथेन मागा.

पैसे आणि कागद

मोठ्या अमेरिकन कंपनीची कस्टम गिटार इथं हातात पडेपर्यंत काही लाखांची होते, वर कस्टम ड्युटी, कर, वाट बघायचे महिने. भारतातला चांगला कारागीर त्यापेक्षा बराच कमी पैशात बनवून देतो, पण एक गोष्ट आधीच मान्य करून ठेवा, विकायची वेळ आली तर कंपनीच्या नावाला गिऱ्हाईक मिळतं, कारागिराच्या नावाला त्याला ओळखणाराच मिळतो. चार वर्षांनी बदलायचा स्वभाव असेल तर फॅक्टरीच घ्या, खरंच.

हातात जेवढे पैसे आहेत त्यातले पंधरा टक्के बाजूला ठेवून मगच बजेट सांगा. कडक केस, पाकिटं, जाणं-येणं, पहिल्या पावसाळ्यानंतरचं सेटिंग, हे सगळं त्यातून.

फॅक्टरीच्या यादीत आवाज आणि हात ह्यांच्याशी संबंध असलेल्या गोष्टी चारच: बॉडीचा आकार, टॉपचं लाकूड, ब्रेसिंग, नेक. नक्षी, कडेची पट्टी, रंग ह्यानं बिल फुगतं, आवाजात काही भर पडत नाही. कारागिराकडं उलट धोका असतो, माणूस ऐकून घेतोय म्हणून आपण सगळंच सांगत सुटतो. त्याच्या नेहमीच्या गिटारीत तीन बदल सांगा आणि बाकी त्याच्यावर सोडा, तो ज्या आकारात वर्षानुवर्षं हात बसवून बसलाय त्यातच त्याचं उत्तम काम निघतं.

सगळं कागदावर घ्या, ओळखीचा असला तरी. मापं, लाकूड, नेकचा सांधा, ओलाव्याचा आकडा, दोन सॅडल, किती महिन्यांत, आणि पहिल्या वर्षात चीर गेली तर कोण काय करणार. मी एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश बॉडी बंद करायच्या आधीचे फोटो आल्यावर आणि उरलेले वाजवून बघून असे देते. ट्रस रॉडची, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सळईची, चावी मागून घ्या, ती हमखास द्यायची राहते आणि इथं त्या मापाची सापडत नाही.

त्या पोराला मी काय सांगितलं

त्याची यादी ऐकली तर अर्ध्या तक्रारी सेटिंगच्या होत्या आणि उरलेली एकच, आईच्या भजनाला साथ करताना गिटार फार चमकते, गळ्याच्या वर जाते. तो पुण्यात राहतो, तिथं जाणकार रिपेअरवाले आहेत, कारागिराकडं रात्री-बेरात्री कधीही पोचू शकतो, आणि विकायची भाषा तो करत नाही. म्हणून त्याला म्हणलं हातानं बनवून घे, पण ऑर्डर द्यायला आईला सोबत ने, आणि तिला तिथं गाऊ दे. हाच पोरगा परभणीच्या एखाद्या खेड्यात राहत असता, वर्षातून एकदा शहरात येत असता, तर मी त्याला चांगल्या कंपनीची तयार गिटार आणि दोन पाकिटं जास्त घे म्हणले असते.

घरी आणताना

तारा थोड्या ढिल्या करा, पूर्ण सोडू नका. रेल्वेत वरचा बर्थ मागा आणि केस अंगाशी भिंतीच्या बाजूला ठेवा, पायाशी नाही. एसटीच्या किंवा कारच्या डिकीत उन्हात कधीही नाही, बंद डिकीत एवढी उष्णता होते की ब्रिजखालचा गोंद मऊ पडून ब्रिज उचलला जातो. घरी पोचल्यावर केस लगेच उघडू नका, सकाळी आणली तर संध्याकाळी उघडा. उघडल्यावर मोबाईलनं टॉपचे, ब्रिजचे, फ्रेटच्या टोकांचे फोटो काढून तारखेसकट ठेवा, मेमध्ये शंका आली की ते कामाला येतात. पहिला महिना रोज तासभर वाजवा आणि परत केसमध्ये.

वही चालूच ठेवा. त्या पोराची आई आता रोज दुपारी तीनला आकडा लिहिते, काल २३ होता म्हणाली, स्पंज बदलला का विचारलं तर म्हणाली सकाळीच.